सुहास ढेबेबद्दल माझी हरकत

मी रेगे मॅडमच्या खोलीत तक्रार घेऊन शिरले तेव्हा तक्रार नेमकी काय आहे, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

"मॅडम, तो माणूस मला नको," मी म्हटलं.

"कोण, सुहास ढेबे? का हो?"

"नको वाटतो."

रेगे मॅडम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पुण्याहून इंजिनियर होऊन आलेल्या, आमच्या कारवगड रोपवेच्या व्यवस्थापक. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सारिकाताई, 'नको वाटतो' हे मी कागदावर कसं लिहू? उशिरा येतो? उलट बोलतो? पितो?"

"नाही."

"काम येत नाही?"

"काम तर चोख येतं. तेच तर…" पुढचं वाक्य मला सुचेना. "त्याच्याकडं बघितलं की मला कसंतरीच होतं."

बोलून गेले आणि माझीच मला लाज वाटली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, चौदा वर्षं दोर तपासतेय, आणि बोलणं सातवीतल्या पोरीचं.

आमचा रोपवे सहलीला येणाऱ्यांसाठी नाही. वरच्या अंगाला नऊ वाड्या आहेत. घाटाचा रस्ता तीन पावसाळ्यांत तीनदा दरीत गेला, तेव्हा सरकारने रस्त्याचा नाद सोडला आणि दोर बांधला. त्याला आता सोळा वर्षं झाली. शाळेची पोरं, दुधाचे कॅन, बाळंतिणी, नवरदेव, सगळे त्या डब्यांतूनच खालीवर करतात. दोर एकच आणि अखंड. खालच्या ठाण्यातल्या मोठ्या चाकाला वळसा घालून वर जातो, वरच्या चाकाला वळसा घालून खाली येतो. अखंड म्हणायचं, पण कारखान्यातून काही तो गोल होऊन येत नाही. त्याची दोन टोकं इथं आणून एकमेकांत विणावी लागतात. त्या पन्नासेक मीटरच्या विणकामाला आम्ही जोड म्हणतो. दोराला सहा पेड असतात आणि जोडात सहा ठिकाणी पेडांची टोकं दोराच्या पोटात खुपसलेली असतात. त्या जागांना आम्ही गाठी म्हणतो. खरी गाठ वगैरे काही नसते, तिथं दोर जरासा जाड लागतो इतकंच.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहाला, डबे उतरवलेले असताना, दोर सावकाश चालण्याच्या वेगानं फिरवतात. मी खालच्या ठाण्यातल्या फळीवर उभी राहते, घडी घातलेलं सुती फडकं दोराभोवती धरते आणि अडीच तास साडेचार किलोमीटर दोर माझ्या मुठीतून जाऊ देते. एखादी तार तुटली असेल तर तिचं टोक फडक्याचा धागा ओढतं. पण ते फार उशिरा. चांगल्या हाताला त्याच्या आधीच कळतं. पीळ सैल झालेला कळतो, एक पेड दुसऱ्यावर चढू बघतोय तेही कळतं. यंत्रही आहे, वर्षातून दोनदा येतं. ते दोराला चुंबक लावतं आणि तार तुटलेली असेल तिथून चुंबकाचा जोर बाहेर गळतो, तो टिपतं. पण जोडाच्या गाठीत लोखंड कुठं दुप्पट, कुठं पोकळ, त्यामुळे तिथं यंत्राचा आलेख नुसता नाचतो. भर जत्रेत कुणी हाक मारली तर ऐकू येणार कशी? म्हणून यंत्राच्या अहवालात दरवेळी एक ओळ असते: जोडाची तपासणी हाताने करावी.

तो हात माझा.

नव्या नियमानुसार आता ती तपासणी दोघांनी हातानं करायची आणि दोघांनी सही करायची. नुसती वही लिहिणारे माझे जोडीदार निवृत्त झाले आणि महिनाअखेरपर्यंत दुसरी सही मिळाली नाही तर रोपवे बंद ठेवावा लागणार होता. पंधरा दिवसांच्या चाचणीसाठी सुहास आला होता तो त्या जागेवर. चाचणीच्या काळात मी कारणासकट लेखी हरकत घेतली तर त्याला घेता येणार नाही, असाही नियम होता. म्हणजे वजन माझ्या शब्दाला होतं आणि शब्दच माझ्यापाशी नव्हता.

"एक विचारू का?" मॅडम जपून म्हणाल्या. "तुमचाच हात दुसऱ्याकडे बघायला जड जात असेल का?"

मी उठून दाराकडे वळले. तसं असेलही, कुणास ठाऊक.

हे हाताचं प्रकरण सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीनं 'हस्तपाठ' नावाची पद्धत आणली. हाताची कला शिकायला वर्षं लागतात, कारण ती डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत, हळूहळू रुजते. रात्री झोपेत मेंदू दिवसभराच्या हालचाली पुन्हा पुन्हा घोकतो आणि पक्क्या करतो. हस्तपाठात काय केलं, तर ते घोकणंच एकाकडून घेऊन दुसऱ्याला दिलं. पाच महिने मी हातात पातळ मोजा आणि डोक्यावर जाळीची टोपी घालून दोर तपासला. बोटाचा दाब, मनगटाचा कोन, त्या क्षणी मेंदूत उठलेली लहर, सगळं टिपलं गेलं. मग ते गाळून घेतलं आणि शिकणाऱ्याच्या गाढ झोपेत, त्याच्या लहान मेंदूवर, हलक्या चुंबकी ठोक्यांनी तेच उमटवलं. चाळीस रात्रींत हात तयार. सुहासला मिळाला तो असाच, माझा. कंपनीनं मला शाल आणि नारळ दिला, फोटो काढला आणि मी फुशारकीनं तो दर्शनी भिंतीवर लावला.

एक गोष्ट मात्र तेव्हाच सांगितली होती. हात शिकतो, डोकं शिकत नाही. हात जे करतो ते का करतो, हे शिकणाऱ्याला ठाऊक नसतं.

शुक्रवारी मी सुहासच्या समोर, दोराच्या पलीकडे उभी राहिले. सुहास वरच्या ढेबेवाडीचा, बत्तीस वर्षांचा, आधी टेम्पो चालवायचा. आता टेम्पो आपले आपण चालतात, म्हणून हा घरी. त्यानं तळवा तीनदा कमरेवर पुसला, मान डावीकडे कलती केली, डावा पाय अर्धा पाऊल मागं घेतला आणि फडकं दोरावर ठेवलं. ही माझी उभं राहायची तऱ्हा. माझी नणंद माझी नक्कल करते ना, अगदी तशी. फक्त हा नक्कल करत नव्हता.

"ताई, माजं काय चुकतंय का?" त्यानं दोरावरची नजर न काढता विचारलं. "तुमी चार दिस माज्याकडं अशा बगताय, जसं मी तुमचं कायतरी उचललंय."

"मान का वाकडी करतोस?"

"मान? वाकडी हाय?" त्यानं सरळ केली. दहा मोजेस्तोवर पुन्हा कलंडली. "काय की वं. आपोआप हुतंय."

मग बोलता बोलता त्यानं आईचं सांगितलं. आठवड्यातून दोनदा तिला खाली दवाखान्यात आणावं लागतं, रक्त धुवायला. ही नोकरी लागली तर तिला आणायला वेगळा माणूस धरावा लागणार नाही. मी हूं हूं करत होते. माणूस चांगला होता, हेच जास्त छळत होतं. वाईट असता तर काम सोपं होतं.

तेवढ्यात दोरावरचा पिवळा पट्टा आला, म्हणजे जोड सुरू झाला. पहिली गाठ त्याच्या मुठीपाशी आली आणि त्याचा उजवा हात फडक्यासकट चार बोटं वर उचलला गेला. गाठ खालून निघून गेली. हात परत दोरावर. दुसऱ्या गाठीला तेच. तिसऱ्या, चौथ्या, सहाही गाठींना तेच. आणि हा गडी आईच्या डॉक्टरबद्दल बोलतोय.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. चार दिवस जे नुसतं कसंतरी होत होतं त्याला एकदम कारण मिळालं. म्हणजे माझा जीव उगाच नव्हता कासावीस होत. मी त्याला काही बोलले नाही. तपासणी संपली तशी मी तडक मॅडमकडे गेले.

"लिहा आता हरकत," मी खुर्चीत बसण्याआधीच म्हटलं. "यंत्र जिथं आंधळं, तिथंच हा गडी हात उचलतो. सहाच्या सहा गाठींना!"

मॅडमचा चेहरा उतरला. दुसरा उमेदवार त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी पडद्यावर सकाळचं चित्रण लावलं. पिवळा पट्टा, गाठ, हात वर, हात खाली. "खरंच की," त्या म्हणाल्या. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी शेजारी दुसरं चित्रण उघडलं. तीच फळी, तोच दोर, जाळीची टोपी घातलेली एक बाई. ती मी होते. पिवळा पट्टा आला, गाठ आली आणि त्या बाईचा उजवा हात चार बोटं वर गेला.

"थांबा," मी म्हटलं. "हे पुन्हा दाखवा."

त्यांनी पुन्हा दाखवलं. मग दुसऱ्या दिवसाचं, तिसऱ्या महिन्याचं. बाई हात उचलतच होती.

"मी उचलत नाही, मॅडम."

"अहो, समोर दिसतंय."

"दिसतंय, पण मी उचलत नाही!" हे बोलणं किती वेडगळ आहे ते मला कळत होतं. पण शपथेवर सांगते, त्या क्षणापर्यंत कुणी मला विचारलं असतं, तर माझा हात दोरावरून तसूभरही हलत नाही, असं मी देवासमोर सांगितलं असतं.

मॅडम गोंधळल्या होत्या, पण घाबरल्या नव्हत्या. "बघा ताई, गाळणीचं काम असं असतं. टिपलेल्यातलं जे कधी होतं, कधी नाही, म्हणजे शिंक, खाज, पाय बदलणं, ते ती टाकून देते. जे न चुकता दरवेळी होतं, तीच कला म्हणून धरते. तुमच्या नोंदीत सगळ्यात न चुकणारी गोष्ट हीच निघाली असणार. म्हणजे त्याला कारण असेलच. तुमच्यासारखी जाणकार बाई उगाच कशाला हात उचलेल? काय कारण असतं?"

त्या माझ्याकडे इतक्या विश्वासानं बघत होत्या की मी खोटं बोलले.

"गाठीवर फडकं घट्ट धरलं तर सरकतं. नंतरची पकड बिघडते. म्हणून."

"बरोबर!" त्यांनी ते लिहून घेतलं. "हे आपण प्रशिक्षणात घालू. मग हरकत नाही म्हणायची ना?"

"बघू," म्हणून मी बाहेर आले.

बाहेर येऊन फलाटाच्या बाकावर बसले. बसल्या बसल्या दुपार झाली, सकाळची शाळा सुटली. एकेका डब्यात आठ-आठ पोरं कोंबली जात होती, दप्तरं मांडीवर, कुणी खिडकीला नाक लावलेलं. दार लागायचं, डबा दोराला चिकटायचा आणि दरीवर निघायचा. रोज बघते मी हे. त्या दिवशी प्रत्येक डबा वर पोचेपर्यंत मी श्वास धरून बसले. चौदा वर्षं मी हात उचलत असेन तर त्या सहा जागांना इतकी वर्षं कुणाचाच हात लागला नव्हता. पण मग मी हात उचलायला लागले कधी? आणि का? डोकं पिंजून काढलं तरी काही हाती लागेना. घरी कपड्यांच्या दोरीवर फडकं धरून पाहिलं. लक्ष ठेवून बघताना हात मुळीच उचलला जाईना. नवऱ्यानं विचारलं, "काय करतीस?" म्हटलं, "दोरी पुसते."

शनिवारी सकाळी मी पांगारे वस्तादांकडे गेले. दोराचा जोड विणला तो यांनीच, आणि मला शिकवलं तेही यांनीच. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे, पायथ्याच्या गावात सुनेच्या अंगणात बसून शेंगा फोडत होते.

"आगं, सारके! आज वाट चुकलीस व्हय?"

"वस्ताद, एक विचारायचंय. तपासणीला जोडाची गाठ आली की तुम्ही काय करायचा?"

"काय करायचं? नमस्कार." त्यांनी उजवा हात कपाळाला लावून दाखवला. "सा गाटी, सा नमस्कार. म्या हातानं खुपसल्याल्या त्या. त्यांच्या जिवावर माणसं लोंबकाळत्यात. तुला बी शिकिवलं की मी. इसरलीस?"

आणि मला लख्ख आठवलं. पहिल्या वर्षी गाठ आली की वस्तादांबरोबर मीही हात कपाळाला लावायची. वस्ताद निवृत्त झाल्यावर कपाळाचा हात छातीपर्यंत आला असेल. मग छातीचा नुसता चार बोटं. एसटी देवळावरून जाते तेव्हा गप्पा मारता मारता आपला हात छातीला लागून येतो आणि आपल्याला पत्ताही नसतो, तसंच हे. मला इतकं हायसं वाटलं! म्हणजे मी कामचुकार नव्हते. वस्तादांनी केलं तेच मी केलं. पण लगेच मनात आलं. म्हणजे वस्तादांनीही गाठी तपासल्या नाहीत?

"मग वस्ताद," मी चाचरत विचारलं, "नमस्कार करताना दोर मोकळा सोडायचा?"

"सोडायचा?" त्यांनी शेंग फोडायची थांबवली. "दोर कसा सोडशील? दोर हातातच."

"कुठल्या हातात?"

"डाव्या. मी डावरा न्हाई का. फडकं डाव्या हातात, नमस्काराला उजवा मोकळा."

त्यांच्या डाव्या हातात शेंग होती. चाळीस वर्षं सगळा मुलूख त्यांना डावरे वस्ताद म्हणतो. मी त्यांच्यासमोर चार वर्षं उभी होते. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. मी माझा उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनीही बघितलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"तुजा कामाचा हात उजवा," ते म्हणाले.

"व्हय."

"आन नमस्कार बी उजव्यानंच."

"डाव्यानं कसा करणार, वस्ताद?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग ते खाली बघून म्हणाले, "मी समोर हुतो की गं. तू हात उचलायचीस ते मला दिसायचं. पोरीला रीत हाय, म्हनून मला बरं वाटायचं. दोर सुटतोय ह्ये मला दिसलंच न्हाई." मला त्यांचं सांत्वन करायचं होतं, पण मलाच रडू येत होतं आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मी तशीच उठले.

मॅडमच्या खोलीत तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी आधी कागद मागितला. हरकतीचा छापील कागद. उमेदवाराच्या नावापुढे सुहास ढेबे लिहिलेलंच होतं. कारणाच्या जागी मी लिहिलं: 'उमेदवार जोडाच्या गाठीवर हात उचलतो. हा हात माझा आहे. मी चौदा वर्षं गाठी तपासलेल्या नाहीत. काल सांगितलेलं कारण खोटं होतं.' खाली सही केली आणि सगळं तोंडी सांगितलं, वस्तादांच्या नमस्कारासकट.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "यंत्राचा अहवाल जोडाबद्दल काही बोलत नाही," त्या जणू स्वतःशीच म्हणाल्या.

"नाही."

"आणि तुम्हीही नाही."

"मीही नाही."

"आज संध्याकाळी वर लग्न आहे, ताई. नव्वद माणसं जायची आहेत. सगळं ठीकही असेल. सोळा वर्षं काही झालेलं नाही."

"असेल. मला ठाऊक नाही, मॅडम. मला ठाऊक असायला हवं होतं, तेच तर माझं काम होतं."

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, खाली रांगेत उभ्या असलेल्या वऱ्हाडाकडे बघितलं. मग फोन उचलून म्हणाल्या, "डब्यातली माणसं उतरवा आणि दोर थांबवा. हो, आत्ता." पुढचा तासभर वऱ्हाडानं त्यांचा जो उद्धार केला तो मी ऐकला. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

बाहेरचा तज्ज्ञ सोमवारशिवाय येणार नव्हता. रविवारी सकाळी सहाला आम्ही तिघं फळीवर होतो. सुहासला मी सगळं सांगितलं होतं. तो रागावेल असं वाटलं होतं, पण तो फक्त स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. "म्हंजी चाळीस राती झोपंत मी देवाला हात जोडत हुतो, आन मलाच ठावं न्हाई?" एवढंच म्हणाला.

पिवळा पट्टा आला. "आता नाही उचलणार," सुहास दात आवळून म्हणाला. गाठ आली आणि हात उचलला गेला. तो शिवी हासडून मागं झाला. दोर उलटा फिरवून जोड परत आणला. मी पुढं झाले, डोळे हातावर रोखले, मनात म्हटलं, बघतेच कसा उठतोस. घरी दोरीवर माझं ऐकणारा हात खऱ्या गाठीला कुणाचं ऐकतोय? गाठ आली आणि तो वर गेलाच. मॅडमनी तोंडावर हात ठेवला.

"डाव्या हातानं बघता येणार नाही?" त्यांनी विचारलं.

"डाव्याला काय कळतंय, मॅडम? तो भाजी धरणारा हात. पोटातली तुटकी तार त्याला लागायची नाही. वस्तादांचा डावा चालला असता, पण वयानं त्यांच्या बोटांची जाण गेलीय."

मग सुहासच म्हणाला, "ताई, माजा पंजा दोरावर ठिवतो. तुमचा त्याच्यावर ठिवा. मी डाव्या हातानं तुमचं मनगट दाबतो, तुमी माजं दाबा. कोण उठतंय बगू."

आम्ही तसे उभे राहिलो, दोर मधे, हात हातावर आणि दोघांची मनगटं एकमेकांच्या मुठीत. दोर सुरू झाला. पहिल्या गाठीला दोन्ही हात एकदम वर उसळले, आम्ही जीव खाऊन ते खाली दाबले. एक चेंडू पाण्यात दाबून धरावा तसं झालं. पण फडकं दोरावर राहिलं. गाठ माझ्या हाताखालून गेली, त्याच्या पंज्यातून मला कळली. पहिल्यांदाच. ठीक होती. दुसरी ठीक होती, तिसरीही. चौथी आली, हात उसळले, आम्ही दाबले, आणि त्याच्या पंज्याखाली काहीतरी खरखरलं. सुहासनं माझ्याकडे बघितलं. दोघांनाही एकाच क्षणी कळलं, कळणारच, हात एकच होता.

"थांबवा!" आम्ही दोघं ओरडलो.

सोमवारी तज्ज्ञानं चौथी गाठ उकलली. सतरा तारा तुटल्या होत्या. नियमात जेवढ्या चालतात त्याच्या दुपटीहून जास्त, आणि काही इतक्या जुन्या की टोकं गंजून गुळगुळीत झालेली. किती दिवस टिकला असता, असं मॅडमनी विचारलं. तो म्हणाला, "वर्षभर. किंवा एक जड लग्न." मी बाहेर जाऊन रिकामे डबे मोजत बसले.

परत आले तेव्हा मॅडम खोलीत एकट्या बसल्या होत्या. समोर संगणकावर एक यादी होती. सुहास दाराशी उभा होता.

"ताई, बसा," त्या म्हणाल्या. "मुख्य कार्यालयाशी बोलले मी. तुमचा हात उत्तम निघाला म्हणून त्यांनी तो दुसऱ्या रोपवेंनाही दिलाय. गेल्या दीड वर्षात अकरा जणांना."

मला आधी अर्थच लागला नाही. अकरा जण. अकरा दोर. प्रत्येकाला जोड, प्रत्येक जोडाला सहा गाठी. आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मान डावीकडे कलती करून उभं.

"त्यांना कळवलं?"

"कळवतील. परिपत्रक काढावं लागतं, त्याला मंजुरी लागते. गुरुवारपर्यंत निघेल म्हणाले."

"गुरुवार?"

मॅडमनी यादी छापली, कागद टेबलावर माझ्या बाजूला सरकवला आणि आपला फोन त्याच्यावर ठेवला. सुहासनं खुर्ची ओढली. "खालची पाच मी घेतो," तो म्हणाला.

मी पहिला नंबर लावला. विदर्भातल्या देवटेकडी रोपवेची कुणी भाग्यश्री नेवारे. पलीकडे दोराची गुणगुण ऐकू येत होती.

"मी कारवगडहून सारिका भिलारे बोलतेय."

"अगं बाई! सारिकाताई? तुम्ही खुद्द बोलून राहिल्या?" पोरीचा आवाज आनंदानं भरून आला. "ताई, मी तुमचाच हात शिकली. माझ्या आईनं तुमचा फोटो लावला घरात. आतापर्यंत एक चूक नाही झाली माझ्याकडून!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्ता काय करते आहेस, बाळ?"

"तपासणीच सुरू आहे. फोन कानात लावला आहे. बोला न."

"जोड किती लांब आहे?"

"येऊनच राहिला. पट्टा दिसते."

"शेजारी कुणी आहे?"

"ऑपरेटर दादा आहेत."

"त्यांना सांग, गाठ आली की फक्त तुझ्या उजव्या हाताकडे बघायचं. तू नको बघूस. त्यांना बघू दे."

"काहून, ताई? माझा हात तर दोरावरच राहते."

"माझाही राहतो असं मला वाटायचं."

तिनं हसत हसत दादांना हाक मारली. मग फक्त गुणगुण. शेजारी सुहास हलक्या आवाजात दुसऱ्या कुणाला नाव सांगत होता. पलीकडून पुरुषाचा आवाज काहीतरी बोलला, भाग्यश्री "काय?" म्हणाली, तो पुन्हा बोलला.

"ताई," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात हसू नव्हतं. "दादा म्हणते, उचलला."

"दोर थांबव, भाग्यश्री. माणसं सोडू नकोस. मग मी सगळं सांगते."

भोंगा वाजला, गुणगुण खाली खाली येत बंद पडली. "थांबवला," ती म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या चौदा वर्षांसकट, आणि ती रडायला लागली तरी मधेच थांबले नाही. मग कागदावर तिच्या नावावर रेघ मारली आणि पुढचा नंबर लावला.